अण्णांची गाडी, अक्काची गाडी

"नाव नंतर सांग. वजन किती तुझं?"

बंगलोरच्या मल्लेश्वरममधल्या त्या घराच्या व्हरांड्यात मी खोली मागायला उभी होते. नागपूरहून आणलेली ट्रंक अजून रिक्षातच होती. घरमालक म्हणून समोर आलेल्या गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी गोंधळून "बावन्न" म्हणाले. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"बावन्न नाही. एकोणपन्नास असशील. ट्रंक किती?"

"ट्रंकेचं नाही माहीत."

"वरच्या खोलीला लाकडी तुळया आहेत. आधीचा भाडेकरू पेट्या भरभरून पुस्तकं घेऊन आला, बोलला नाही. दोन वर्षं मी खाली बसून वर बघत होतो."

तेवढ्यात आतून काकू आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये गं आत. कॉफी घे. त्या तुळया माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून जागच्या हलल्या नाहीत, आणि हे मात्र रोज हलतात."

अशी मला खोली मिळाली. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागले होते, तेवीस वर्षांची होते आणि त्या शहरात माझं कोणीही नव्हतं. घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांची एकुलती एक मुलगी सव्वीस वर्षांची, ती माझी अक्का झाली. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचं घराणं मराठी मुलखातून इकडे आलं होतं म्हणे. घरात मराठीच बोलत, पण त्यात कानडी असं मुरलेलं की पहिले काही महिने मी निम्मं वाक्य अंदाजाने समजून घ्यायची. 'थोडं थांब'ला 'स्वल्प थांब', 'ठीक आहे'ला 'सरी'. अण्णांची 'सरी' मात्र कधीच नुसती ठीक आहे नसायची. तिच्या मागे काहीतरी उभं असायचं.

अण्णा विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. त्यांचं काम वजनाचं. विमानात जाणारा प्रत्येक भाग आधी त्यांच्या टेबलावर यायचा, काट्यावर चढायचा आणि मग पुढे जायचा. खिळा, वायर, खुर्चीचं कापड, सगळं. "रंगाचंसुद्धा वजन धरावं लागतं," ते सांगायचे, "लोकांना वाटतं रंग म्हणजे नुसता दिसायला." निवृत्त झाल्यावर काटा गेला, पण डोळ्यांची सवय गेली नाही. पपईवाला पपई तोलायच्या आत अण्णा आकडा सांगायचे आणि तो बरोबर निघायचा. पपईवाला त्यांना टाळून शेजारच्या गल्लीतून जायचा.

आणि काळजी. असा काळजी करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. बस थांब्यापासून घर सात मिनिटांवर होतं. आठव्या मिनिटाला अण्णा गेटबाहेर असत. माझ्या आईनेसुद्धा कधी विचारलं नसेल इतक्या बारकाईने ते विचारत: बस कुठून वळली, किती लोक उभे होते, तू कुठल्या बाजूला बसलीस. "ड्रायव्हरच्या मागे बसत जा. समोरून काही आलं की तो आधी स्वतःला वाचवतो. त्याच्या पाठीमागचा फुकट वाचतो." मी आजही बसमध्ये चढले की डोळे आधी त्या सीटकडे जातात.

पण अण्णांचं खरं नवल घराच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली उभं होतं. एवढ्या भित्र्या माणसाकडे स्पोर्ट्स कार होती.

जुनी इंग्रजी टू-सीटर, गडद हिरवी, लांब नाकाची, बसकी. कुर्गच्या एका कॉफीमळेवाल्याच्या विधवेकडून अण्णांनी ती घेतली होती, अक्काच्या जन्माआधी. मुळात गाडी फार देखणी असणार. पण अण्णांनी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तिच्यावर प्रेम केलं होतं, आणि त्यांचं प्रेम लोखंडी होतं. दारांच्या आतून पोलादी पत्रे ठोकले होते. पुढचा बंपर पाण्याच्या मोठ्या पाइपचा. डोक्यामागे लोखंडी कमान, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून. एकाऐवजी तीन स्टेपन्या. आग विझवायची दोन नळकांडी, हत्यारांची पेटी, औषधांची पेटी, पाण्याचा कॅन, तीस फूट दोरखंड. आणि सीटच्या मागे वाळूची दोन पोती, वळणावर मागची चाकं उचलू नयेत म्हणून.

दर रविवारी सकाळी ते ही गाडी बाहेर काढत. काकू सोबत जायच्या बंद झाल्या होत्या. बाजारात भेटायचं असेल तर त्या म्हणत, "तुम्ही निघा, मी रिक्षाने येते," आणि पोचून, भाजी घेऊन उभ्या असत. मग माझी पाळी आली. अण्णांनी मला इमारतीच्या बांधकामावर घालतात तसलं पिवळं हेल्मेट दिलं आणि आम्ही निघालो. वेगाचा काटा चाळिसाच्या पुढे गेला नाही. एका स्कूटरवर मागे बसलेली, मांडीवर गॅसचा सिलिंडर घेतलेली बाई आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि वळून हसली. अण्णांचं लक्ष नव्हतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते समोर असे बघत होते, जणू रस्त्यातून काहीतरी वर येणार आहे.

"अण्णा, मग स्पोर्ट्स कार कशाला घेतली?" मी विचारलं.

त्यांनी आधी गिअर बदलला. मग म्हणाले, "रोज उडणाऱ्या वस्तूंजवळ बसायचो. एकदाही उडालो नव्हतो. एक तरी वेगवान वस्तू आपल्या नावावर असावी, असं वाटलं." आणि पुढच्या खड्ड्याला वळसा घालून, "नावावर आहे म्हणजे पळवलीच पाहिजे असं कुठे आहे?"

अक्का पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची डिझाइनं करायची. रविवारी दुपारी ती जर्मनच्या क्लासला जायची. निदान घरात सगळे तसं समजत होते. एका रविवारी ती मला म्हणाली, "येतेस का क्लासला?" आणि बसमध्ये बसल्यावर हळूच म्हणाली, "क्लास नाहीये."

आम्ही येलहंक्याला उतरलो. तिथे हवाई दलातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक होते, सगळे त्यांना सार्जंट म्हणत. त्यांची फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायची शेड होती. टाक्यांच्या रांगेमागे ताडपत्रीखाली काहीतरी होतं. अक्काने ताडपत्री ओढली.

मला आधी वाटलं, हे अर्धवट राहिलेलं काहीतरी आहे. दारं नव्हती, टप नव्हता, समोरची काच म्हणजे हातभर लांबीची पट्टी. पाइपांचा सांगाडा, त्यावर फायबरची पातळ कातडी, आणि आत अपघातात गेलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन. रंगसुद्धा नव्हता.

"रंगाला पण वजन असतं," अक्का म्हणाली. बोलली आणि स्वतःच हसली.

दोन वर्षं ती आणि सार्जंट रविवार-रविवार करत ही स्पोर्ट्स कार बांधत होते. तिने आणि सार्जंटनी मागची बाजू दोन्ही हातांनी धरली आणि चाकं जमिनीपासून उचलून दाखवली. मग तिने मला शेजारी बसवलं. शेडच्या मागच्या कच्च्या रस्त्यावरून आम्ही निघालो. अण्णांच्या गाडीत बसलं की कपाटात बसल्यासारखं वाटायचं. या गाडीत कोणीतरी मला ओंजळीत घेऊन पळत सुटलं होतं. जमीन हाताला लागेल इतकी जवळ. वळणावर माझा श्वास मागेच राहिला. परत आल्यावर मी हसत होते. मला भीती वाटली होती आणि परत बसायचं होतं.

"अण्णांना बोलू नकोस," अक्का म्हणाली. "मीच सांगणार आहे. योग्य वेळी."

त्यानंतरचे सहा आठवडे माझे कसे गेले, मलाच माहीत. गेटजवळ उभे असलेले अण्णा विचारत, "अक्का?" मी म्हणायचे, "क्लासला." ते "सरी" म्हणत. ज्यांच्या घरात राहते, जिथे काकू माझ्यासाठी वेगळी कमी तिखटाची आमटी काढून ठेवतात, त्यांच्याशी मी दर रविवारी खोटं बोलत होते. आणि त्या गाडीला दारं नव्हती. अक्काला काही झालं तर ते मला माहीत असताना झालेलं असणार होतं.

शेवटी एका रविवारी अक्का सहा वाजले तरी आली नाही. अण्णांनी क्लासचा फोन नंबर शोधून काढला आणि फोन लावला. तिकडून सांगितलं, या नावाची मुलगी आमच्याकडे कधी आलीच नाही.

ते जिना चढून आले. माझ्या खोलीकडे ते कधीच येत नसत. तेव्हाही उंबरठ्यावर थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी गप्प राहू शकले असते.

"तुला माहीत आहे," ते म्हणाले. "फक्त एवढं सांग, जिवंत आहे ना?"

मी सगळं सांगून टाकलं. येलहंका, सार्जंट, टाक्या, ताडपत्री, दारं नाहीत तेसुद्धा. ते कठड्याला धरून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"वजन किती?"

"पाचशे तीस किलोच्या आसपास म्हणते."

"कुठल्या काट्यावर?"

"काट्यावर नाही घातली बहुतेक. हिशोबाने म्हणते."

"म्हणजे माहीतच नाही," अण्णा म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर खाली बसले.

अक्का साडेसहाला आली. बस बंद पडली होती, एवढंच. व्हरांड्यात अण्णांना, काकूंना आणि खाली मान घालून उभ्या असलेल्या मला पाहून तिला सगळं कळलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, नंतरही कामापुरतंच बोलायची. ते चार दिवस मी ऑफिसातून घरी यायला घाबरत होते.

"पुढच्या महिन्यात शर्यत आहे," त्या संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली. "शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर. एकेक गाडी सोडतात, वेळ मोजतात. मी चालवणार आहे."

"हलकी वस्तू उडते," अण्णा म्हणाले. "जड वस्तू रस्ता धरून राहते. तुला मी लहानपणापासून हेच सांगत आलो."

"मग तुलना करू ना. माझी आणि तुमची. तुम्ही म्हणाल तशी."

काकू म्हणाल्या, "अय्यो, आता दोन-दोन."

अण्णांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि मुलीकडे पाहिलं. "सरी," ते म्हणाले. "आधी वजन."

यशवंतपूरच्या घाऊक बाजारात लॉऱ्यांचा वजनकाटा होता. रविवारी सकाळी आम्ही तिथे रांगेत लागलो. पुढे कांद्याच्या लॉऱ्या, मागे कांद्याच्या लॉऱ्या, आणि मध्ये या दोन स्पोर्ट्स कार. हमाल पोती टाकून बघायला आले. अक्का तिच्या गाडीत सरळ बसून होती. अण्णा त्यांच्या गाडीत, आणि शेजारी मी, पिवळं हेल्मेट घालून.

रांग हलत नव्हती. अण्णा एकाएकी बोलायला लागले. माझ्याकडे न बघता.

"नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक विमान चाचणीला गेलं. उतरताना आपटलं. पायलट वाचला, पाय गेला. चौकशी झाली. त्यात निघालं की वजनाच्या लोकांची काही चूक नाही. कागद आहे तसा." त्यांनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "पण त्या विमानाच्या शेपटीकडच्या वजनांची बेरीज मी केली होती. मी ती अजून करतो. आंघोळ करताना करतो, जेवताना करतो. बरोबरच येते. तरी परत करतो."

पुढची लॉरी सरकली. आम्हीही सरकलो.

अक्काची गाडी आधी चढली. खिडकीतला कारकून आकडा बघून बाहेर डोकावला, परत आत गेला आणि त्याने चिठ्ठी दिली. पाचशे तीस. अण्णांनी चिठ्ठी उजेडात धरली. "दहा-दहा किलोंनी दाखवतो हा काटा. पण ठीक आहे. तुझा हिशोब बरोबर आहे." एवढं म्हणताना त्यांचा आवाज किंचित बदलला. इतक्या वर्षांत अक्काने त्यांच्याकडून ऐकलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी असावी. तिने तोंड फिरवलं.

मग अण्णांची गाडी चढली. आम्ही सगळे खाली उतरून बाजूला उभे राहिलो. कारकुनाने खिडकीतून मान काढून ओरडून विचारलं, "खालीना, लोडा?" गाडी रिकामी की भरलेली?

"खाली," अण्णा म्हणाले.

कारकून हसला. हमालही हसले. चिठ्ठीवर अकराशे पन्नास होते.

"पुस्तकात आठशे सत्तर आहे," अण्णा स्वतःशी म्हणाले. विमानाचा ग्रॅम ग्रॅम मोजणाऱ्या माणसाने स्वतःची गाडी कधी काट्यावर घातली नव्हती. दोनशे ऐंशी किलो. माझ्यासारख्या साडेपाच मुली. ते त्या चिठ्ठीकडे बघत राहिले, मागच्या लॉरीने हॉर्न दिला तरी.

पण हरले नव्हते. "जड असेल," ते म्हणाले, "थांबण्याचं बघू. गाडी पळते किती याला अर्थ नाही. थांबते किती यात माणूस वाचतो."

पुढच्या रविवारी येलहंक्याच्या पुढच्या एका रिकाम्या रस्त्यावर अण्णांनी खडूने रेघ मारली. अट अशी: साठचा वेग, रेघ आली की ब्रेक, मग फितीने अंतर मोजायचं. दोन्ही गाड्या अक्काच चालवणार, म्हणजे माणसाचा फरक नको. सार्जंटनी पलीकडच्या टोकाला उभं राहून रस्ता मोकळा आहे अशी खूण करायची. अण्णा रेघेपाशी फीत घेऊन आणि मी रेघेच्या बरीच पुढे, डाव्या बाजूला, मैलाच्या दगडाजवळ. ती जागा अण्णांनीच मला दिली होती. "तिथे सुरक्षित," ते म्हणाले होते.

अक्काची गाडी आली, रेघेवर आली, आणि जागच्या जागी खाली बसल्यासारखी थांबली. अण्णांनी दोनदा मोजलं. सतरा मीटर. आणि फीत गुंडाळली.

मग ती हिरव्या गाडीत बसली. ती गाडी कधी साठच्या वेगात गेलेली मी पाहिली नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. ती येताना रस्ता हादरत होता. रेघ आली. अक्काने ब्रेक दाबला, चाकांचा आवाज आला, धूर आला, पण गाडी यायची थांबली नाही. ती तशीच येत राहिली. मग तिचं लांब नाक डावीकडे वळलं, माझ्याकडे. पाण्याच्या पाइपचा तो बंपर मोठा मोठा होत गेला. पळायला हवं हे मला कळत होतं आणि पाय ऐकत नव्हते. अण्णांचा ओरडा ऐकू आला. तो शब्द नव्हता.

गाडी मैलाच्या दगडापासून वीतभर अंतरावर थांबली. आतून एक वाळूचं पोतं फुटून समोर सांडलं होतं. अक्का उतरली, तिचे ओठ पांढरे पडले होते. "थांबत नाही, अण्णा," ती म्हणाली. "पूर्ण पाय दाबला होता. जुने ब्रेक एवढं वजन नाही धरू शकत. थांबतच नाही ही."

अण्णा धावत आले होते. त्यांनी आधी मला दोन्ही खांद्यांना धरून पाहिलं, मग तिला. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. फीत काढली, गुडघ्यांवर बसले आणि अंतर मोजलं. एकदा नाही, तीनदा. चौतीस मीटर. आकडा लिहिला आणि ते दगडावर बसले.

"हिच्यात बसवून तुझ्या आईला म्हैसूरच्या चामुंडीच्या घाटातून खाली आणली," ते म्हणाले. "तुला मांडीवर घेऊन बसली होती ती. मी सगळं लावत गेलो, लावत गेलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता झाली सुरक्षित."

अक्का त्यांच्याजवळ खाली मातीत बसली. तिने त्यांचा हात धरला नाही, पण खांदा त्यांच्या गुडघ्याला टेकवला. थोड्या वेळाने अण्णा उठले, दुसरं पोतं उचललं आणि तिथेच रस्त्याकडेला रिकामं केलं. मग एकेक स्टेपनी काढून सार्जंटच्या टेम्पोत ठेवली. त्या दिवशी अक्का माझ्याशी आपणहून बोलली. म्हणाली, "पळायचं असतं गं अशा वेळी."

शर्यतीला तीन आठवडे होते. ते तीनही आठवडे अण्णा रोज सकाळी बसने येलहंक्याला जात आणि अक्काच्या गाडीखाली आडवे होत. प्रत्येक वेल्डिंग भिंगातून पाहत, प्रत्येक नट फिरवून पाहत, वहीत लिहीत. सार्जंट म्हणायचे, इतकी तपासणी तर आमच्या विमानांचीही झाली नाही. शर्यतीला गाडी तपासल्याचा कागद लागायचा, त्यावर अक्काला वडिलांचीच सही हवी होती. शर्यतवाल्यांना कोणाचीही चालली असती.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही मिटली. "चूक सापडत नाही," ते काकूंना म्हणाले. कोणी वाईट बातमी सांगावी तसा आवाज होता. चूक सापडली असती तर ते ती दुरुस्त करू शकले असते, किंवा मुलीला अडवू शकले असते. आता हातात काहीच उरलं नव्हतं. त्यांनी सही केली. काकूंनी तो कागद घेतला, सही वाळेपर्यंत फुंकर घातली आणि देवापुढे ठेवला.

धावपट्टी म्हणजे गवत उगवलेलं काँक्रीट होतं. कडेला जुने टायर रचलेले. पन्नास-साठ माणसं, एक चहाचा ठेला. पहिलं वळण समोर दिसायचं, दुसरं पडक्या शेडच्या पलीकडे होतं, तिथलं काही दिसत नसे. गाडी शेडच्या उजवीकडून नाहीशी व्हायची आणि डावीकडून उगवायची. काकू आल्या नव्हत्या. सार्जंट सुरुवातीच्या रेघेजवळ गाडीपाशी होते. अण्णांनी घडीची खुर्ची आणली होती. ती त्यांनी धावपट्टीकडे पाठ करून मांडली आणि बसले.

"मी बघणार नाही," ते म्हणाले. "ऐकतो. तू बघ आणि मला सांग. जे दिसेल ते."

एक गाडी गेली की थोड्याच वेळात दुसरी सोडत. अक्काचा नंबर आला. "निघाली," मी म्हणाले. त्या हलक्या गाडीचा आवाज चिरका होता, इतरांपेक्षा वेगळा. "पहिल्या वळणावर आहे. छान गेली. सरळ आहे. आता शेडच्या मागे गेली."

आणि आवाज बंद झाला.

हळू झाला नाही. बंदच झाला. मी शेडच्या डाव्या टोकाकडे बघत राहिले. तिथे काँक्रीट होतं, गवत होतं, टायर होते. गाडी नव्हती. शेडच्या वर थोडी धूळ उठली. अण्णांची पाठ ताठ झाली होती. ते हळू आवाजात मोजत होते, मला ऐकू येत होतं. अकरा. बारा. तेरा. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. सुरुवातीच्या रेघेवर पुढची गाडी इंजिन गुरगुरवत उभी होती.

"दिसते का?" अण्णांनी विचारलं.

धूळ वर चढत होती. एकवीस. बावीस.

"दिसते का गं?"

"दिसते," मी म्हणाले. "उभी आहे. अक्का आत सरळ बसली आहे. हात हलवते आहे."

त्यांनी श्वास सोडला. मोजणं थांबलं नाही, पण आवाज खाली आला. पुढची गाडी सुटली, आमच्या समोरून गेली. मी शेडकडे बघत मनातल्या मनात अक्काला हाका मारत होते. मग तो चिरका आवाज आला, एकदा गुदमरून बंद पडला, परत आला, आणि शेडच्या डावीकडून ती बिनरंगाची गाडी बाहेर आली. एका बाजूला गवताचे पुंजके अडकले होते.

अक्का अकरा जणांत दहावी आली. दुसऱ्या वळणावर गाडी गोल फिरून गवतात गेली होती आणि इंजिन बंद पडलं होतं. हेल्मेट काढून ती हे सांगत आली तेव्हा हसत होती. तिच्या हनुवटीला काळं लागलं होतं. "एक गिरकी पूर्ण, अण्णा! धुळीत मला माझीच चाकं दिसत नव्हती. पण उलटली नाही. तुम्ही म्हणायचात ना, उडेल. नाही उडाली."

"धुळीत," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी मुलीच्या हनुवटीवरचं काळं रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "डावा मागचा टायर बघून घे."

घरी जाताना ते अक्काच्या गाडीत बसले. मी सार्जंटच्या टेम्पोत मागून येत होते. अण्णांचा डावा हात गाडीच्या कडेला घट्ट धरलेला होता, आणि मल्लेश्वरम येईपर्यंत तो तिथून सुटला नाही.

घरी आल्यावर मी मागच्या अंगणात नळावर तोंड धूत होते. अण्णा येऊन उभे राहिले. आतून काकूंचा आणि अक्काचा आवाज येत होता, अक्का गिरकी कशी घेतली ते हातवारे करून सांगत असणार.

"तुला ती दिसत नव्हती," अण्णा म्हणाले.

"नाही, अण्णा."

"दिसते म्हणालीस."

"हो."

मी टॉवेल हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. जे दिसेल ते सांग, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि चुकीचा आकडा देणाऱ्या माणसाला त्यांनी आयुष्यात माफ केलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

"मी ठरवलं होतं," ते म्हणाले, "पंचवीसपर्यंत मोजायचं आणि मग उठून धावायचं. सरळ धावपट्टीवरून. पंचवीस झाले तेव्हा पुढची गाडी तिथूनच येत होती." त्यांनी नळ नीट बंद झालाय का ते पाहिलं, आणखी थोडा पिळला. "तू म्हणालीस म्हणून बसून राहिलो."

ते दारापर्यंत गेले, तिथे थांबले.

"तिची पुढची शर्यत जानेवारीत आहे," ते म्हणाले. "तेव्हाही असंच सांग."